टेपवरची घुंई

ही गोष्ट १९७४ सालची. त्या साली मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, पत्रं दहा-दहा दिवस वाटेतच अडकून पडली, आणि त्याच महिन्यात आष्ट्याजवळच्या एका गावात हंबीरराव जगदाळ्यांच्या घरी त्यांच्या सुनेची गिटार घुमायला लागली.

सुनेचं नाव विजयमाला. माहेर सांगलीचं, वडील शाळामास्तर. त्या काळात मुलीला गाणं-बजावणं शिकवायचं म्हटलं की घरात पेटी यायची. विजयमालेच्या घरी गिटार आली, आणि तीही हवाईयन. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवून तारा छेडायच्या. तारांच्या खाली चुंबकावर बारीक तार गुंडाळलेली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. त्या पट्टीतून आवाज वायरीने अँप्लिफायरमध्ये जातो आणि मग भोंग्यातून बाहेर पडतो. वायर काढून घेतली तर ही गिटार जेमतेम मांडीपुरती ऐकू येते.

तिची गिटार दुकानातली नव्हती. मिरजेच्या इलाहीने ती हाताने केली होती. इलाहीच्या घरात तीन-चार पिढ्या सतारी बनत आलेल्या, पण त्याचा जीव लहानपणापासून रेडिओत. वडिलांनी चार शिव्या दिल्या आणि शेवटी त्याला घराच्या पुढच्या खोलीत रेडिओदुरुस्तीचं दुकान थाटू दिलं. सतारीसाठी आणलेल्या तुणीच्या लाकडाचा एक लांब तुकडा उरला होता, त्याची त्याने गिटार केली. पिकअपचं चुंबक एका फुटक्या लाउडस्पीकरमधलं आणि अँप्लिफायर एका मेलेल्या रेडिओच्या पोटातला. विजयमाला तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने पहिल्यांदा त्या तारांवरून कांडी सरकवली, तेव्हा इलाहीचे वडील आतून उठून दारात आले आणि काही न बोलता परत गेले. ही त्यांची पसंती, असं इलाही पुढे सांगायचा.

लग्न झालं ते हंबीररावांच्या कृष्णातशी. तो फौजेत सिग्नलमध्ये, वायरलेसच्या यंत्रांवर. बघण्याच्या कार्यक्रमात त्याने मुलीला एकच प्रश्न विचारला. "अँप्लिफायर व्हॉल्व्हचा हाय का ट्रान्झिस्टरचा?" बाकीच्यांना वाटलं, पोरगं काहीतरी इंग्रजीत बोललं. विजयमालेने "व्हॉल्व्हचा" म्हटलं आणि लग्न ठरलं.

सासरी कुणी तिला वाजवू नको म्हटलं नाही. कुणी वाजव असंही म्हटलं नाही. सासू रंगूबाईंच्या लेखी ते सुनेचं एक माहेरचं खूळ होतं, शिवणटिपण असतं तसं. दुपारची भांडी झाली की विजयमाला सोप्यात बसून तासभर वाजवायची. ऐकायला कोंबड्या, रंगूबाई आणि भिंतीपलीकडची चंद्राबाई. चंद्राबाई म्हणजे हंबीररावांच्या चुलत भावाची, आकारामची बायको.

आदल्या गणपतीत सांगलीला माहेरी गेली असताना विजयमालेने एका मंडळापुढे वाजवलं, ते मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या गृहस्थांनी ऐकलं. मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं. दिवाळीला एक छोटी रेकॉर्ड काढायची आहे, त्यात एका नव्या वादकाला जागा आहे. चार धुना टेपवर घेऊन एकतीस मेच्या आत पोचवा. पोचल्या नाहीत तर दुसरी एक मुलगी आहे, तिला घेऊ.

विजयमालेने ते पत्र किती वेळा वाचलं याला गणती नाही. ती तेवीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी कृष्णातला फॅमिली क्वार्टर मिळणार, मग ती कुठल्या मुलखात जाऊन पडेल कुणी सांगावं. तिला पैसा नको होता, नावाचीही फारशी हाव नव्हती. तिचा सूर एकदा तरी या अंगणाच्या बाहेर जावा, इतकंच तिला हवं होतं. तो जाण्याची हीच एक वाट समोर आली होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इलाही कुणाचा तरी स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन आला. नमुना म्हणून पाच मिनिटं घेतली. टेप उलटी फिरवून ऐकली. स्वच्छ. सूर थांबला की मागे काहीच नाही, एखादी चिमणी तेवढी.

"पुढच्या शुक्रवारी बसू," इलाही म्हणाला. शुक्रवारी त्याचं दुकान बंद असे. "चारी धुना एका दमात घिऊ."

पण नऊ तारखेला आकाराम गेला. उसाच्या पट्टीत पाणी पाजत होता, तिथेच खाली बसला आणि उठला नाही. सगळी आळीच भावकीची, त्यामुळे सगळ्या आळीला सुतक. दहा दिवस देवाला हात नाही, दिवा नाही. त्याउपर हंबीररावांनी सांगितलं की सव्वा महिना या घरातून सूर निघणार नाही. भिंतीपलीकडे बाई कपाळ पुसून बसलेली, इकडे गिटार कशी वाजवायची? विजयमालेलाही ते पटलं. तिने गिटारीला जुन्या लुगड्याची खोळ घातली आणि ती मनात दिवस मोजू लागली. सव्वा महिना सतरा मेला संपत होता. मध्ये चौदा दिवस उरत होते. पुरेसे होते.

सतरा तारखेला, शुक्रवारीच, इलाही आला. खोळ काढली, वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि भोंग्यातून आवाज आला, घूंऽऽ. एखादा भुंगा डब्यात कोंडावा तसा. विजयमालेने वाजवायला सुरुवात केली, तर सुराच्या पोटात तो आवाज, आणि सूर थांबला की नुसता तोच. टेपवर तर तो दुप्पट ऐकू आला.

"ही कसली घुंई?" रंगूबाईंनी आतून विचारलं, आणि त्या आवाजाला तेच नाव पडलं.

इलाहीचा चेहरा उतरला. गिटार त्याची, अँप्लिफायर त्याचा. त्याने पहिल्यांदा सोप्यातली ट्यूबलाइट बंद केली. ट्यूबलाइटच्या चोकचा आवाज पिकअपमध्ये येतो, हे त्याला ठाऊक होतं. घुंईतली चरचर तेवढी गेली, घुंई राहिली. मग वायर बदलली. मग गिटारीचं तोंड फिरवून बघितलं, पूर्वेला, दक्षिणेला, उत्तरेला. उत्तरेला थोडं कमी वाटलं.

"आता काय दिशा बघून वाजवायचं व्हय?" हंबीरराव अंगणातल्या बाजेवरून म्हणाले. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आणि गमतीचं बोलतानासुद्धा त्यांचा आवाज परेडवरचा असायचा. "पिकअपला सासर मानवंना वाटतं, इलाही."

"मामा, चेष्टा करू नगा. माझं डोकं फिरायची येळ आली हाय."

गावात पिठाची गिरणी होती. तिच्या मोटारीवर संशय घेतला. हंबीरराव स्वतः जाऊन गिरणी अर्धा तास बंद ठेवून आले, दळणाला आलेल्या बायकांनी त्यांना काय काय ऐकवलं ते त्यांनी घरी सांगितलं नाही. घुंई हलली नाही. संध्याकाळच्या एसटीने इलाही अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह पिशवीत घेऊन मिरजेला गेला. दुकानात तपासले, ते ठणठणीत होते.

विजयमालेने नवऱ्याला सविस्तर पत्र लिहिलं, आकृती काढून. पण तो अंबाल्याला, आणि गाड्या बंद. उत्तर कधी येईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा तिला त्याचं एक बोलणं आठवलं. मागच्या रजेत तो रेडिओ उघडून बसला होता आणि ती शेजारी बसून बघत होती. "एका येळी एकच गोष्ट बदलायची," तो म्हणाला होता, "आणि लिहून ठेवायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कुणाची ते ब्रह्मदेवाला सुदीक कळत न्हाई."

तिने एक कोरी वही घेतली. वार, वेळ, काय बदललं, घुंई किती. घुंई मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून तिने आपलं माप ठरवलं. चूल फुंकल्याएवढी, गिरणीएवढी, आणि त्या दोहोंच्या मधली. इलाहीने मिरजेहून व्हॉल्व्ह आणि बॅटरीवरचा एक छोटा टेपरेकॉर्डर येणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. तो लावून बघितला. तीच घुंई. म्हणजे टेपरेकॉर्डरचा दोष नाही. लिहिलं. खिडकीजवळ बसून बघितलं, लिहिलं. रात्रीचा पंप सुटतो तेव्हाचं बघितलं, लिहिलं.

चोवीस तारखेला इलाही पुन्हा आला तो एक उपाय घेऊनच. गिटारीच्या पोटात त्याने एक कंडेन्सर, नको तो आवाज गाळणारी बारीक पुडी, डाक देऊन जोडला. घुंई बरीच खाली गेली. त्याने विजयी मुद्रेने हात पुसले. विजयमालेने चार सूर वाजवले आणि कांडी खाली ठेवली.

"काय झालं, वैनी?"

"इलाहीभाई, हे बघा." तिने कांडी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सावकाश नेली. "ही मींड. आधी ही दोरा ओवल्यासारखी जायची. आता गोधडीखालून कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

इलाहीने डोळे मिटून ऐकलं. सतारवाल्याच्या घरचा कान, त्याला सांगावं लागत नव्हतं. "व्हय," तो म्हणाला. "वरचा आवाजच कापला गेला. घुंईबरोबर सूरबी गेला." त्याने डाक सोडवून कंडेन्सर काढला. "मग माझ्या हातात आता काय न्हाई. सात दिवस हायत. त्या मुंबईवाल्याला लिवा की मशिनीत दोष हाय, पण बाईचा हात चांगला हाय."

"तो हात ऐकणार कुठून? पत्रातून?"

विजयमाला वही उघडून बसली. आठवडाभराच्या नोंदी तिने वरून खाली वाचल्या, मग खालून वर. सोमवारी सकाळी नऊला चूल फुंकल्याएवढी. सोमवारी दुपारी दोनला गिरणीएवढी. मंगळवारी दिवसभर गिरणीएवढी. बुधवारी, गुरुवारी तसंच. आज शुक्रवार. सकाळी भाकरीनंतर तिने पाच मिनिटं लावून बघितलं होतं, तेव्हा पुन्हा कमी.

"सोमवार आणि शुक्रवार," ती म्हणाली. "फक्त सकाळी."

"सकाळी व्होल्टेज बरं असतंय," इलाही म्हणाला.

"मग मंगळवारी का नाही?" आणि ती थांबली, कारण उत्तर तिच्या पायांखालीच होतं. सोमवारी आणि शुक्रवारी रंगूबाई सोपा सारवायच्या. सकाळी जमीन ओली असायची, दुपारपर्यंत वाळायची. विजयमाला स्टुलावर बसायची, गिटार मांडीवर आणि अनवाणी पाय खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर.

तिने वाजवण्यासाठी कांडी तारांवर टेकवली आणि पाय वर उचलले. घुंई वाढली. पाय टेकले, जराशी उतरली. तिने मोरीतून तांब्याभर पाणी आणून पायांशी ओतलं आणि पुन्हा टेकले. घुंई एकदम चुलीएवढी झाली. बोटांच्या टोकांना बारीक मुंग्या आल्या.

इलाही ताडकन उठला आणि त्याने आधी बटण बंद केलं. "वैनी, पाय काढा. आवं तुमी सवताच अर्थिंग झालाय. तुमच्या अंगातनं करंट जमिनीत जातोय, म्हणून आवाज कमी हुतोय. आज मुंग्या आल्यात, उद्या मशिनीत काय बिघाड झाला तर हातच चिकटंल."

"म्हणजे अर्थिंग नाहीये?"

"तार तर हाय." त्याने अँप्लिफायरच्या मागचा स्क्रू दाखवला. त्याला जोडलेली तार भिंतीवर घरच्या रेडिओच्या फळीपर्यंत जात होती. तीच रेडिओची जुनी अर्थिंगची तार, लग्नाच्या आधी दोन वर्षं कृष्णातने रजेवर आला असताना बसवलेली. "तार हाय, पण जातीय कुठं? जिथं जातीय तिथली जमीन वाळली आसंल, तर ही तार असून नसल्यागत."

तार खिडकीच्या चौकटीतून बाहेर पडून अंगणात उतरत होती आणि शहाबादी फरशीखाली गडप होत होती. इलाहीने पहारीने पहिली फरशी उचलली. दुसरी उचलली. रंगूबाई पायरीवर बसून धान्य निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. हंबीरराव बाजेवर उठून बसले आणि खोकले.

"मिस्त्री, आता नगं उचलू."

"का वो मामा?"

"म्हाईत हाय मला कुठं जातीय ती."

"मग मगाधरनं का गप बसलाय?"

हंबीररावांनी बायकोकडे बघितलं आणि नजर वळवली. दोन लढाया बघितलेला माणूस, पण त्या घटकेला त्याला अंगणाबाहेर काहीतरी अगदी तातडीचं काम आठवल्यासारखं दिसलं. मग ते तुळशीवृंदावनाकडे बोट करून म्हणाले, "त्याच्यात जातीय. तू तवा जोतिबाला गेलीवतीस. किस्ना म्हणाला, रोज पाणी पडतंय, तिथली माती कायम ओली असती, रेडिओ लय स्वच्छ लागंल. नळाचा तुकडा पुरलाय त्यानं. कोळसा आन मीठ घालून."

"मीठ?" रंगूबाई म्हणाल्या. "तुळशीच्या मुळाशी मीठ?"

"लांब घातलंय, कडंला."

रंगूबाई उठल्या. खुरपं घेऊन वृंदावनापाशी गेल्या. वृंदावन रिकामं होतं. सुतकाचे दहा दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. एरवी कुणाच्या घरी सुतक आलं तर शेजारची बाई पाणी घालून जाते, पण इथं सगळी आळीच सुतकात होती. एप्रिलच्या उन्हात रोप करपून गेलं. मृग लागला की नवं लावू म्हणून रंगूबाईंनी वाळलेली काडी उपसून नदीला सोडली होती, आणि रिकाम्या वृंदावनात पाणी घालायचा प्रश्नच नव्हता. दीड महिना त्या मातीला थेंब मिळाला नव्हता. खुरप्याने वरची माती निघाली ती राखेसारखी. हातभर खाली नळाचं तोंड लागलं, त्याच्याभोवती काळे कोळसे.

सगळ्यांना एकाच वेळी कळलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टेप स्वच्छ का होती आणि मेमध्ये घुमायला का लागली, ते.

रंगूबाई उकिडव्या बसून त्या नळाकडे बघत राहिल्या. विजयमाला त्यांच्या रागाची वाट बघत होती. पाच वर्षं न्हाऊन-धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ही बाई जिथं तांब्या ओतत होती, तिथं लेकानं लोखंडाचा नळ पुरून ठेवला होता.

"म्हंजे सकाळचं रेडिओवरचं भजन ऐकत हुते," त्या शेवटी म्हणाल्या, "ते माझ्याच पाण्यावर."

"व्हय मावशी," इलाही हळूच म्हणाला.

"आन आता त्यात पाणी घातलं तर हिची घुंई जाईल?"

"दहा-बारा घागरी तरी पायजेत. दोन-तीन दिवस माती मुरवायला लागंल. जरा मीठ टाकलं तर..."

"मीठ टाकशील तर हात मोडीन." त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "मृगात ह्यातच रोप लावणार हाय मी."

पण त्या लगेच पाण्याला उठल्या नाहीत. रिकाम्या वृंदावनात पाणी, तेही सुनेच्या वाजवण्यापायी, आणि भिंतीपलीकडे चंद्राबाईचं सौभाग्य जाऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत. आळीतल्या बायका काय म्हणतील हे त्यांना नुसतं डोळे मिटून ऐकू येत होतं. विजयमालेला वाटलं, इथंच संपलं. घुंईचं कारण सापडलं, एवढंच समाधान.

रंगूबाईंनी लुगड्याचा काष्टा सारखा केला आणि त्या चंद्राबाईच्या दारात गेल्या. विजयमाला भिंतीशी उभी राहून ऐकत होती.

"चंद्रे, ही पोरगी चार गाणी वाजवायची म्हणतीया. मुंबईला धाडायची हायत. तुला वंगाळ वाटणार असंल तर न्हाई वाजवायची. मीच तिला सांगते."

चंद्राबाई आतून म्हणाली, "आक्का, सव्वा महिना माझ्या कानात निस्ती घुंईच हाय. माणूस येतंय, त्वांड उघडतंय, मला घुंईच ऐकू येतीया. वाजवू दे तिला. काहीतरी दुसरं कानात जाऊ दे."

पहिली घागर रंगूबाईंनीच आणली. विहीर लांब, मेचं ऊन, आणि पिण्याचं पाणीही मोजून भरण्याचे ते दिवस. दुसरी विजयमालेने, तिसरी इलाहीने. हंबीररावांनी आयुष्यात कधी घागर उचलली नव्हती, त्यांनी रहाट ओढला. आळीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा रंगूबाई त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "रोप नसताना पाणी घालणारी मीच पैली. बघून घ्या." पाणी ओतलं की माती ते पिऊन टाकायची आणि वर बुडबुडे यायचे. शनिवारी, रविवारी, सोमवारी तसंच चाललं.

मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला, दुकान बंद ठेवून इलाही सकाळच्या पहिल्या एसटीने आला. विजयमालेने पायांखाली मुद्दाम कोरडा पाट घेतला. इलाहीने बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, तोवर सगळे भोंग्याकडे बघत राहिले. मग भोंग्यातून काही आलं नाही. बटण लागलं नाही की काय म्हणून विजयमालेने तार छेडली, आणि सूर आला. तो विरला, आणि त्याच्या मागे काही उरलं नाही.

तिने ती शांतता जरा वेळ तशीच राहू दिली. आठवडाभर तिने घुंईच ऐकली होती. मागे काही नसणं म्हणजे काय, ते ती विसरून गेली होती. लांब कुठेतरी गिरणी चालू होती. भिंतीपलीकडे चंद्राबाईने भांडं खाली ठेवलं, तेही ऐकू आलं. मग तिने सुरुवात केली. दोन भावगीतांच्या चाली, एक अंगाई, आणि शेवटी भूपातली एक धून, तिची स्वतःची, दुपारी भांडी झाल्यावर अडीच वर्षं थोडी थोडी जमवलेली. एक-दोन ठिकाणी तिची कांडी जरा घसरली. इलाहीने पुन्हा घेऊया का म्हणून खुणेने विचारलं. ती नाही म्हणाली.

स्पूल पोस्टात टाकायची सोय नव्हती. हंबीररावांनी कोट घातला, मेडल लावायचं की नाही यावर थोडा विचार केला, आणि लावलं. इलाहीने त्यांना दहा वेळा बजावलं की स्पूलचा डबा कुठल्याही भोंग्याजवळ, मोटारीजवळ ठेवायचा नाही, नाहीतर चुंबकाने आवाज पुसला जाईल. ते एसटीने कऱ्हाड, सातारा करत निघाले. शिरवळच्या पुढे गाडी बिघडली तेव्हा सगळे उतारू झाडाखाली बसले, हे डबा छातीशी धरून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, इंजिनापासून लांब, उन्हात उभे. तीस तारखेला दुपारी ते कंपनीच्या कचेरीत पोचले. तिथले लोक डबा ठेवून जा म्हणाले, तर हे म्हणाले, "वाजवून दावा. मी बसतो." गृहस्थांनी चारी धुना ऐकल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कृष्णातचं पत्र आलं. पत्रं नेहमी विजयमाला मोठ्याने वाचून दाखवायची, कारण रंगूबाईंना अक्षर येत नव्हतं. ती वाचू लागली. "तुझी आकृती बघितली. माझा अंदाज, पिकअप, व्हॉल्व्ह काही तपासत बसू नको. पहिल्यांदा अर्थिंगची जागा वाळली का ते बघ. जागा कुठं आहे ते आबांना विचार. आईला मात्र..." इथं ती थांबली.

"वाच की," रंगूबाई म्हणाल्या.

"आईला मात्र काही सांगू नको, ती माझी खांडोळी करील."

"त्याला लिव," रंगूबाई तांदूळ पाखडत म्हणाल्या, "आई म्हणती, रजेवर ये. खांडोळी हितं तयार ठेवलीया."

रेकॉर्ड दिवाळीला निघाली. चारांपैकी अंगाई आणि भूपातली धून एवढ्या दोनच घेतल्या, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्या दुसऱ्या मुलीच्या दोन. ती फार खपली नाही. सांगली-मिरजेकडे लग्नाच्या मांडवात काही वर्षं ती अंगाई लाउडस्पीकरवर वाजायची, बहुतेक वेळा ऐन अक्षतांच्या गोंधळात. कंपनी पुढे बंद पडली आणि विजयमालेची दुसरी रेकॉर्ड कधी निघाली नाही. नवऱ्याबरोबर ती अंबाला, झांशी, जबलपूर अशी फिरली, आणि जिथं गेली तिथं जवानांच्या मुलींना गिटार शिकवली. शेवटी सांगलीला परत येऊन तिने विश्रामबागेत क्लास काढला. बोटांचे सांधे धरेपर्यंत तो चालवला. नव्या मुलीला ती पहिल्या दिवशी गिटार देत नसे, वही देत असे.

इलाहीने त्यानंतर आणखी सहा गिटारी केल्या. कॅसेटचं युग आल्यावर त्याचं दुकान जोरात चाललं. तो १९९१ साली गेला. त्याचा मुलगा रेडिओत रमला नाही, आजोबांच्या सतारीकडे वळला.

हंबीरराव १९८३ पर्यंत होते. मुंबईतल्या साहेबाला चार धुना बसवून ऐकायला लावल्याची हकीकत ते दरवेळी थोडी वाढवून सांगायचे. शेवटी शेवटी त्यात साहेब उभा राहून सलाम ठोकत असे.

कृष्णातने पुढच्या रजेत आईच्या देखरेखीखाली गोठ्यामागे एकट्याने कमरेएवढा खड्डा खणला आणि नळ तिकडे हलवला. तो सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि नंतर गावातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करत राहिला.

रंगूबाईंनी त्या साली मृगाच्या दुसऱ्या दिवशी रोप लावलं. ते चांगलं फोफावलं. कोळशाने असेल, इलाही म्हणायचा. त्यांच्यापुढे मात्र कधी म्हणाला नाही. त्या १९८९ साली वारल्या.

चंद्राबाई दोन वर्षांनी वाईला भावाकडे राहायला गेली. घाटाजवळ तिने शाळेतल्या मास्तरांसाठी खानावळ काढली आणि ती पुढे चांगली नावारूपाला आली. ती जाताना विजयमाला अंबाल्याला होती, त्यामुळे दोघींची भेट झाली नाही.